एक तास वीस मिनिटं

शुक्रवार उजाडला की माझं डोकं सकाळपासूनच ठणकायला लागायचं, कारण शुक्रवारी वेंकूबाई यायच्या.

आधी माझं सांगतो. मी वरुणराव. चौतीस वर्षं तंजावूर स्टेशनात चौकशीच्या खिडकीत बसलो. गाडी किती वाजता, कुठल्या फलाटावर, उशीर का, मग आता आम्ही काय करायचं. रोज हेच. एकाच माणसाने एकच प्रश्न तीनदा विचारायचा, मी तीनदा उत्तर द्यायचं, आणि वर त्यानेच म्हणायचं की म्हातारा खेकसतो. निवृत्त झालो त्या दिवशी हातातलं घड्याळ काढून कपाटात ठेवलं. कोणी वेळ विचारलीच तर सूर्याकडे बोट दाखवायचं, असा बेत होता.

पण त्याच साली माझी बायको कामाक्षी गेली आणि पापनाशमचं घर खायला उठलं. तेवढ्यात माझ्या बहिणीचा मुलगा मणी याने तंजावूरला गांधीजी रोडवर ट्रॅव्हल एजन्सी उघडली. एक्याण्णवनंतर जो तो परदेशी निघाला होता. ज्यांच्या बापांनी कुंभकोणमच्या पलीकडे पाऊल टाकलं नव्हतं त्यांची पोरं पासपोर्ट घेऊन रांगेत उभी. मणी म्हणाला, "मामा, तुम्ही नुसतं बसायचं. लोक वेळ विचारतील तेवढी सांगायची." नुसतं बसायचं म्हणे! कपाळ माझं. कपाटातलं घड्याळ पुन्हा हातावर चढलं. रोज सकाळची पॅसेंजर पकडून पापनाशमहून यायचं, समोर विमानांच्या वेळांचं उशीएवढं जाड पुस्तक, आणि दिवसभर तीच खिडकी, फक्त जाळीऐवजी काच.

वेंकूबाई राजवाड्याच्या मागच्या गल्लीत एका खोलीत भाड्याने राहायच्या. आमच्यातल्याच, म्हणजे राजांबरोबर इकडे आलेल्या मराठी कुटुंबातल्या. वय सत्तरच्या पुढे, अंगावर कायम एकच करड्या काठाची साडी. शुक्रवारी देवळातून यायच्या, बाकावर टेकायच्या, पदराने मान पुसायच्या आणि विचारायच्या, "वरुणराव, सिंगापूरहून पिनांगला विमानाला किती वेळ लागतो हो?"

पहिल्यांदा मी नीट सांगितलं. दोन्ही बेटंच. अंतर सुमारे सहाशे किलोमीटर. म्हणजे आपल्या इथून मेन लाइनने मद्रासला जायचं आणि परत फिरून चिदंबरमपर्यंत यायचं, एवढं. विमानाला एक तास वीस मिनिटं.

"एक तास वीस," त्या म्हणाल्या. मान हलवली आणि गेल्या.

दुसऱ्या शुक्रवारी पुन्हा तेच. तिसऱ्या शुक्रवारी पुन्हा. मला वाटलं बाईंना विसर पडतोय, म्हणून कागदावर तमिळ अक्षरांत लिहून दिलं. आम्ही बोलतो मराठी, पण लिहायची वेळ आली की तमिळच अक्षरं हाताला येतात. त्यांनी तो कागद कमरेच्या थैलीत ठेवला आणि चौथ्या शुक्रवारी हजर. "सिंगापूरहून पिनांगला..."

त्या दिवशी पॅसेंजर पाऊण तास उशिरा आली होती, उभ्याने आलो होतो, गुडघे बोलत होते. माझा तोल गेला. "अहो बाई, विमान काय दर आठवड्याला वेग बदलतं? एक तास वीस! मागच्या शुक्रवारी एक तास वीस, पुढच्या शुक्रवारी एक तास वीस! तुम्हाला जायचंय का? नाही ना? मग कशाला जीव खाताय माझा?"

मणीने आतून डोकं बाहेर काढलं. वेंकूबाई काही रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "मला नाही जायचं. माझी गौर जायचीय." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. सांगताना त्यांना फार दम लागत होता.

वेंकूबाईंना दोनच मुली. थोरली चंद्रमती, तिचा नवरा पिनांगला कारखान्यात इंजिनियर. धाकटी शांभवी, ती सिंगापूरला. पाच वर्षांपूर्वी वेंकूबाईंचे यजमान वारले. मोठं घर सोडून एका खोलीत यायचं ठरलं तेव्हा भांडीकुंडी वाटली, कपाटं वाटली, आणि शेवटी गौरी उरल्या. पितळेचे दोन मुखवटे, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. वेंकूबाईंच्या सासूच्या सासूपासूनचे. त्या आता विधवा. त्यांच्या हातून गौरी बसणार नव्हत्या. चंद्रमती म्हणाली, थोरली मी, जोडी माझ्याकडे यायची. शांभवी म्हणाली, बाबांच्या दुखण्यात चार महिने इथे राहिले मी, जोडी माझ्याकडे यायची.

"आणि तुम्ही काय केलंत?" मी विचारलं, तरी मला अंदाज आला होता.

"न्याय केला," वेंकूबाई म्हणाल्या. "थोरलीला ज्येष्ठा दिली, धाकटीला कनिष्ठा."

अय्यो! मी कपाळाला हात लावला. आमच्यात एकटी गौर बसवत नाहीत. दोघी बहिणी बहिणी, तीन दिवस माहेरी यायच्या त्या जोडीनेच. कुठल्याही मराठी घरातली सून हे सांगेल. आणि ही बाई, पन्नास वर्षं गौरी बसवलेली, निःपक्षपातीपणाने जोडी मोडून बसली. चंद्रमती म्हणाली, मला अर्धी गौर देतेस? शांभवी म्हणाली, धाकटी तेवढी माझी का, नेहमीसारखी? दोघी आपापला मुखवटा घेऊन दोन दिशांना गेल्या. तेव्हापासून पिनांगच्या कपाटात एक गौर, सिंगापूरच्या कपाटात एक. चंद्रमतीच्या मुलाची मुंज झाली, शांभवी गेली नाही. शांभवीला मुलगी झाली, चंद्रमती गेली नाही. पाच वर्षं एक अक्षर बोलणं नाही. जी आधी बोलेल ती हरली, असं दोघींनी मनाशी धरलेलं.

"एक तास वीस मिनिटांवर," मी म्हणालो.

"हो ना," त्या म्हणाल्या. "आणि वरुणराव, माझं आता फार दिवसांचं नाही. डॉक्टर काय म्हणाला ते मुलींना नका सांगू. मला दोघींनी एका घरात गौरी बसवलेल्या हव्यात. एकदा. मी बघितलं नाही तरी चालेल, कानावर आलं की झालं."

मणी आत गेला आणि उगाच फाइली वाजवत बसला.

"पण वेळ का विचारता सारखी?"

तर त्याचं कारण असं. आमच्या गल्ल्यांतून गौर आणायची ती मुक्याने. विहिरीपासून उंबऱ्यापर्यंत आणणाऱ्या सवाष्णीने तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. कोणी हाक मारली, कोणी चेष्टा केली, पायाला ठेच लागली, तरी नाही. उंबऱ्यावर आली की घरातली बाई तिच्या पायावर दूधपाणी घालते आणि आधी घरातलीच विचारते, कोण आलं? मग आणणारीने तोंड उघडायचं. माझी कामाक्षी आणायची तेव्हा मी मुद्दाम वाटेत उभं राहून तिला गाडीच्या वेळा विचारायचो. ती डोळे वटारायची, पण बोलायची नाही.

वेंकूबाईंनी गणित असं मांडलं होतं की शांभवीने कनिष्ठेला घेऊन निघायचं, मुक्याने. चंद्रमतीच्या दारात जाऊन उभं राहायचं. शांभवीला आधी बोलावं लागत नाही, कारण तिला बोलायला बंदी. चंद्रमतीला विचारावंच लागतं, कारण दारात गौर उभी असताना न विचारणं म्हणजे गौर परतवून लावणं, तेवढी कोणाच्या बापाची छाती होणार नाही. कोणीच हरलं नाही.

मी बघतच राहिलो. चौतीस वर्षांत इतका साधा तोडगा काढलेला माणूस माझ्या खिडकीवर आला नव्हता.

"फक्त शांभवी एवढा वेळ गप्प राहील का, हीच काळजी," त्या म्हणाल्या. "ती पाळण्यात असल्यापासून बोलते. म्हणून मी स्वतः बसून बघते, एक तास वीस मिनिटं जमतात का. आणि मध्येच वेळ वाढला नाही ना, ते तुम्हाला विचारते. मागच्या मंगळवारी तासभर जमलं, मग दूधवाल्याने कमी माप घातलं."

आणि इथे मला खरं ते सांगावं लागलं. मी पुस्तक मिटलं. "वेंकूबाई, एक तास वीस हा विमानाचा वेळ. प्रवासाचा नव्हे."

"म्हणजे?"

"म्हणजे घरातून निघायचं, टॅक्सी, दोन तास आधी विमानतळावर. तिथे तिकीट दाखवा, पासपोर्ट दाखवा. मग विमान. मग दुसऱ्या देशात उतरायचं, पुन्हा रांग, पुन्हा पासपोर्ट, सामान, पुन्हा टॅक्सी. दारापासून दारापर्यंत साडेपाच तास धरा. सहा म्हणा. आणि प्रत्येक खिडकीवर माणूस बसलाय, माझ्यासारखाच. तो विचारणार. कुठे चाललात, का चाललात, किती दिवस, हे पितळेचं डोकं कोणाचं. त्याला उत्तर द्यावंच लागतं."

वेंकूबाईंचा चेहरा उतरला. इतका उतरला की मला माझाच राग आला. चार शुक्रवार बाईंनी एका आकड्यावर सगळा डोलारा उभा केला होता आणि तो आकडा मीच दिला होता, कागदावर लिहून. खिडकीवाल्याला जेवढं विचारलं तेवढंच तो सांगतो. पुढे त्या माणसाचं काय झालं, पोचला की नाही, ते त्याला कधी कळत नाही. मलाही कधी कळलं नव्हतं.

"सहा तास ती नाही राहणार," वेंकूबाई म्हणाल्या आणि उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू.

"बसा," मी ओरडलो. "मी जा म्हटलं का?"

टाइपरायटर ओढला. एजन्सीच्या छापील कागदावर इंग्रजीत टाइप करायला घेतलं. या कागदाची धारक महिला धार्मिक मौनव्रतात असून तिला आज बोलता येत नाही, तरी कृपया सहकार्य करावे. जाण्याचं ठिकाण: पिनांग. मुक्काम: तीन दिवस. सोबतची वस्तू: देवीचा पितळी मुखवटा, एक, जुना, घरच्या पूजेचा. प्रवासाचं कारण, असं लिहिलं आणि थांबलो. मग टाइप केलं: बहिणीला भेटण्यासाठी.

खाली एजन्सीचा गोल शिक्का मारला. एक पुरेना म्हणून दुसऱ्या कोपऱ्यातही मारला. शिक्के जास्त दिसले की खिडकीवाले कमी प्रश्न विचारतात, हे मला माहीत आहे, मीही तेच करायचो.

मग फोन. एजन्सीतून सिंगापूर लावलं. वेंकूबाई रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून इतक्या जोरात बोलत होत्या की रस्त्यावरचे ऑटोवाले वळून बघायला लागले. पलीकडून शांभवीचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"मी जायचं तिच्याकडे? मी आधी बोलायचं? आई, तुला काही वाटतं का?"

"बोलायचंच नाही तू. गौर मुक्याने आणायची असते."

"एक अक्षर नाही?"

"एक अक्षर नाही. उंबऱ्यावर ती विचारेल तेव्हाच."

मग शांभवी म्हणाली, "आणि तिने विचारलंच नाही तर?"

वेंकूबाईंनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "विचारेल," त्या म्हणाल्या, पण आवाज खाली गेला होता.

पिनांगला लावलं तेव्हा त्या फार बोलल्याच नाहीत. आवाहनाच्या दिवशी दुपारी घरी राहा, उंबऱ्याशी रांगोळीचं कोलम काढून ठेव, दूध आणि पाणी ठेव, ज्येष्ठेला कपाटातून काढून पाटावर ठेव. चंद्रमती विचारत राहिली, का, कशाला, एकटी कशी ठेवू. "काही लागलं तर या नंबरवर कर," म्हणून वेंकूबाईंनी एजन्सीचा नंबर दिला आणि फोन ठेवला. लबाड बाई. मला त्या क्षणापासून त्या आवडायला लागल्या.

टाइप केलेला कागद त्याच संध्याकाळी हवाई टपालाने शांभवीला धाडला, आणि त्या दिवसापासून माझी झोप गेली. विमान सिंगापूरच्या साडेबाराचं, म्हणजे आपले दहा. उतरणार आपल्या अकरा वीसला. मी रोज पॅसेंजरमध्ये बसून तेच गणित करायचो. रांगेला अर्धा तास, टॅक्सीला चाळीस मिनिटं. कोणीतरी मध्येच तिला थांबवलं तर? ती कोणाला तरी थँक्यू म्हणाली तर? साठीचा माणूस मी, लोकांच्या गौरीची काळजी करत बसलो होतो.

आवाहनाच्या दिवशी मी पावणेनऊला पोचलो तर वेंकूबाई आधीच बाकावर. मी म्हणालो, "आलात? गरम कापी सांगू?" त्यांनी मान हलवली, नाही. "काही निरोप?" पुन्हा मान. मग ओठांवर बोट ठेवलं. माझ्या लक्षात आलं. शांभवी घरातून निघाली असेल तेव्हापासून, म्हणजे आपल्या सात वाजल्यापासून, यांनीही तोंडाला कुलूप लावलं होतं. आजारी बाई, पाण्याचा घोटसुद्धा खुणेने मागत होत्या. देवाला काय कळायचं ते कळो, मला मात्र गलबलून आलं आणि ते लपवायला मी मणीवर खेकसलो.

दहा वाजले. मी म्हणालो, "सुटलं." अकरा वीसला म्हणालो, "उतरलं." वेंकूबाई प्रत्येक वेळी मान डोलवायच्या. बारा वाजले, सव्वाबारा. लोक येत होते, मद्रासचं विचारत होते, कोलंबोचं विचारत होते. मी काय उत्तरं दिली मला आठवत नाही. पाऊण वाजला. एक वाजायला आला. माझ्या हिशेबाप्रमाणे शांभवी केव्हाच दारात उभी असायला हवी होती. वेंकूबाई एकटक फोनकडे बघत होत्या. पाच वर्षं गेली आणि चंद्रमतीने आज दार लावलं असेल, तर आता पुढचा भाद्रपद यांना मिळणार नव्हता. ते त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

फोन वाजला. वेंकूबाई उठल्या, पण रिसीव्हरला हात लावला नाही. माझ्याकडे बोट केलं. मी उचलला.

"आई आहे का तिथे?" चंद्रमती. आवाज घाबरलेला. "मी पिनांगहून. आमच्या बिल्डिंगच्या गेटवरून वॉचमनने फोन केला. म्हणतो एक बाई आलीय, अर्धा तास झाला उभी आहे, नाव विचारलं तर बोलत नाही. छातीशी कापडात काहीतरी धरलंय. कागद दाखवते नुसता."

"काय आहे कागदावर?" मी विचारलं. मीच टाइप केलेला कागद, तरी विचारलं.

"मी त्याला वाचायला लावला," ती म्हणाली. "म्हणाला, कारण लिहिलंय, बहिणीला भेटण्यासाठी." आणि मग, "ती आहे ना? शांभवी?"

"हो."

"मग वर फोन करून सांगायला काय झालं तिला? पाच वर्षं तोंड मिटून बसली, आजही मीच बोलायचं का आधी? मीच का?"

मी वेंकूबाईंकडे बघितलं. त्या भिंतीला धरून उभ्या होत्या. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ओठ घट्ट मिटलेले. त्या एक शब्द बोलल्या असत्या तरी पुरलं असतं, आई होत्या. पण त्या बोलणार नव्हत्या. मग माझाच तोल गेला, आणि या खेपेला मला त्याचं काही वाईट वाटलं नाही.

"चंद्रमतीबाई, ऐका. मी वरुणराव, आयुष्यभर चौकशीच्या खिडकीत बसलेला माणूस. लाखभर लोकांना वेळ सांगितली, त्यातला एक तरी पोचला की नाही मला माहीत नाही. आज पहिल्यांदा मला कळायची वेळ आलीय. तुमची बहीण सकाळपासून सहा तास मुक्याने आलीय. दोन देशांच्या पोलिसांसमोर बोलली नाही ती. आणि तुमची आई इथे सकाळपासून पाण्याला खुणा करतेय. गेटवर काय उभी करताय गौरीला? वर पाठवायला सांगा आणि दार उघडा!"

चंद्रमती रडत होती की काय, कळेना. "मी काय बोलू?" ती म्हणाली. लहान मुलीसारखी म्हणाली. "मला काय बोलायचं ते आठवतच नाही."

"विचारा, कोण आलं. एवढंच विचारा. बाकी ती बोलेल."

रिसीव्हर खाली ठेवल्याचा आवाज आला, पण फोन कट झाला नाही. ती तो तसाच टेबलावर टाकून गेली होती. मी वेंकूबाईंना जवळ ओढलं आणि रिसीव्हर दोघांच्या मध्ये धरला. पिनांगच्या घरात पंखा फिरत होता. कुकरची एक शिट्टी झाली. भांड्याचा आवाज, दूध असावं. मणी येऊन मागे उभा राहिला. काउंटरवरचा एक गृहस्थ मद्रासच्या विमानाचं विचारायला लागला, त्याला मणीने दंडाला धरून गप्प केलं.

लिफ्टचं दार वाजलं. चपला. मी डोळे मिटले.

"कोण आलं?" चंद्रमती म्हणाली. फार हळू.

आणि सहा तास न वापरलेला, चिरका, बसलेला आवाज आला. "गौर आली, अक्का."

वेंकूबाईंनी माझा दंड धरला. त्यांची बोटं रुतली. पलीकडे पाणी सांडल्याचा आवाज झाला, कोणीतरी रडलं, दोघी रडल्या असतील. आणि मग शांभवीने जे तोंड उघडलं ते काय सांगू! "अर्धा तास! अर्धा तास गेटवर उभं केलंस मला! मुलीच्या वेळी आली नाहीस, आज खाली उतरायलासुद्धा..." "आणि तू मुंजीला आलीस? मामी-मावश्या सगळ्या विचारत होत्या!" "पत्रिका कोणी पाठवली होती?" "पत्रिका लागते तुला? पत्रिका?" एकीचं वाक्य संपायच्या आत दुसरीचं सुरू. आवाज फोनमधून बाहेर येऊन दुकानभर झाला. मद्रासचं विचारणारा गृहस्थ तोंड उघडं टाकून ऐकत होता, त्याला मराठीतलं एक अक्षर कळत नव्हतं.

वेंकूबाई रिसीव्हरला कान लावून उभ्या राहिल्या. थकून गेल्या होत्या, तरी बसायला तयार नाहीत. सकाळी सातपासून मिटलेलं तोंड त्यांनी उघडलं आणि त्या दिवसातला पहिला शब्द माझ्याकडे बघून म्हणाल्या.

"भांडतायत."

मी हो म्हणालो.

"भांडू देत," त्या म्हणाल्या आणि बाकावर बसल्या. "फोन नका ठेवू हं, वरुणराव. मला ऐकायचंय."